तांब्याची ऑर्डर फोनवरच

प्रश्न: अंबड एमआयडीसीत आमचा एलटी पॅनेलचा, म्हणजे कमी दाबाच्या वीजवाटपाच्या पेट्यांचा, कारखाना आहे. माणसं वीसेक. स्विचगिअर (ब्रेकर, कॉन्टॅक्टर वगैरे), तांब्याच्या पट्ट्या, सीआरसीए (कोल्ड रोल्ड) पोलादी पत्रा, वायर, लग (वायरच्या टोकाचे जोड), ग्लँड (केबल पेटीत घट्ट धरणारे जोड) असा माल चाळीसएक पुरवठादारांकडून येतो. काही नाशिकचे, काही मुंबईच्या लोहार चाळीतले. खरेदी आमचे जुने काका व्हॉट्सॲप आणि डायरीवर सांभाळतात. एक सॉफ्टवेअरवाला म्हणतो, सिस्टीम बसवा, स्टॉक उतरला की सर्वांत स्वस्त पुरवठादाराला ऑर्डर आपोआप जाईल. बसवावी का? आणि काकांचं काय करायचं? – एक वाचक, अंबड

उत्तर: बसवा. पण 'सर्वांत स्वस्त' तो कसं ठरवणार, हे आधी त्याच्याकडून लिहून घ्या. माझी सगळी नोकरी सातपूरला खरेदी खात्यात गेली. स्वस्त कोण, यावरून मी अकाउंट्सशी जेवढी भांडले तेवढी पगारवाढीसाठीही भांडले नाही.

एक डीलर 2 टक्के जादा सूट देतो, पण रोखीत. दुसरा 45 दिवस उधार देतो. तुमची सीसी, म्हणजे बँकेची कॅश क्रेडिट उचल, 12 टक्के व्याजाची असेल तर 45 दिवसांचं व्याज दीड टक्का पडतं, म्हणजे रोखवाला अर्ध्या टक्क्याने परवडला. जादा सूट 1 टक्काच असती तर उधारवाला बरा. त्यात भाडं आणि पॅकिंग कोणाकडे, हेही धरा. शिवाय पुरवठादाराने बिल जीएसटीआर-1 (त्याचं विक्रीचं जीएसटी विवरण) मध्ये चढवलं नाही तर ते तुमच्या 2बी (तुमच्या खरेदीवरच्या क्रेडिटची जीएसटी यादी) मध्ये उतरत नाही आणि भरलेल्या 18 टक्के जीएसटीचं क्रेडिट अडकून बसतं. असा माणूस कोटेशनमध्ये कितीही खाली आला तरी महागच. हा हिशेब सिस्टीममध्ये घालता येतो, पण घालायचा तुम्हालाच आहे.

आता तुमच्या मालाचे तीन ढीग करा. लग, फेरूल, केबल टाय, ग्लँड, कंट्रोल वायर, नट-बोल्ट, छोटे कॉन्टॅक्टर हा पहिला. तो रोज लागतो आणि कुठल्याही पॅनेलला चालतो. याची ऑर्डर खुशाल आपोआप जाऊ द्या. समजा 9 अँपिअरचे कॉन्टॅक्टर दिवसाला 12 लागतात आणि माल यायला 5 दिवस: 60 झाले. वर 40 हाताशी ठेवा. शिल्लक 100 वर आली की ऑर्डर सुटली पाहिजे. मात्र हे 5 दिवस वर्षभर 5 राहत नाहीत. दिवाळीत बाजार बंद असतो, पावसाळ्यात कसारा घाटात गाड्या रखडतात, आणि 2027च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत; तेव्हा नाशिकचे रस्ते कसे असतात ते मी तुम्हाला सांगायला नको. या काळापुरते दिवस वाढवून घ्या.

दुसरा ढीग मोठ्या ब्रेकरचा. ग्राहकाने मान्य केलेला मेकच (त्याच कंपनीचा माल) लागतो, म्हणून तो स्टॉकवरून मागवायचाच नाही. कामाची बीओएम, म्हणजे लागणाऱ्या मालाची यादी, सिस्टीममध्ये गेली की तीन-चार डीलरांना चौकशी आपोआप जाईल आणि तक्ता समोर येईल. तिथे बोट माणसाने ठेवायचं. ऑर्डरवर कंपनीच्या प्राइस लिस्टची तारीख आणि सूट दोन्ही छापून घ्या. नाहीतर सूट ठरल्याप्रमाणे देतात, पण नव्या वाढीव लिस्टवर, आणि बिल हातात पडल्यावर बोलायला तोंड उरत नाही.

तिसरा ढीग तांबं आणि पत्रा. तांब्याचा भाव रोज हलतो, सकाळचं कोटेशन संध्याकाळी चालेलच असं नाही. इथे सिस्टीमने फक्त 'शिल्लक एवढी, पुढच्या कामांना एवढं लागणार' इतकंच सांगावं. फोन काकांनीच करावा.

पुढचं काम कंटाळवाणं आहे आणि विक्रेता त्याबद्दल बोलणार नाही. तुमच्या स्टोअरमध्ये एकच ग्लँड 'ग्लँड 20', 'पितळी ग्लँड' आणि 'केबल ग्लँड डबल' अशा तीन नावांनी पडलेला असणार. तिन्हींची शिल्लक वेगळी दिसली की सिस्टीम शहाण्यासारखी तिसऱ्यांदा मागवेल. एका मालाला एक कोड, एक एकक. पत्रा किलोत की नगात, वायर मीटरमध्ये की बंडलात, हे आधी ठरवा. दोन महिने गेले तरी चालतील. तुम्ही टॅलीवर असाल तर त्यातही रीऑर्डर लेव्हल (शिल्लक किती उरली की मागवायचं तो आकडा) आणि परचेस ऑर्डर आहे. नवीन पैसे टाकण्याआधी तेवढं वापरून बघा. पुढे वाढायचं असेल तर ईआरपीनेक्स्ट हे खरेदी, स्टॉक, हिशेब एकत्र सांभाळणारं मुक्त सॉफ्टवेअरही आहे; ते बसवून देणाऱ्याचे पैसे मात्र लागतात.

माझ्या मते खरी कमाई ऑर्डर पाठवण्यात नाही, माल गेटवर आल्यावर आहे. ऑर्डर, आवक आणि बिल हे तिन्ही जुळल्याशिवाय पेमेंट सुटता कामा नये, आणि हे काम यंत्राइतकं निर्दयपणे कुणी करत नाही. 2500 बाय 1250चा 1.6 मिलीमीटरचा पत्रा घ्या. स्टीलची घनता 7.85 धरली तर एक पत्रा 39.25 किलोचा, 50 पत्रे 1962 किलोचे. जाडीत थोडा फरक चालतो, पण बिल 2060 किलोचं आलं तर सिस्टीमने ते तिथेच अडवावं आणि गाडी पुन्हा काट्यावर जावी. हे वजन मालाच्या नोंदीत आधी भरून ठेवा.

पेमेंटच्या तारखाही त्यातच घाला. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेल्या उत्पादकाला लेखी करार नसेल तर 15 दिवसांत, असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. एप्रिल 2023पासून, ही मुदत चुकली तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात धरता येत नाही. निव्वळ व्यापारी डीलर साधारणपणे यात येत नाहीत. म्हणून प्रत्येक पुरवठादारासमोर 'उत्पादक की व्यापारी' हा रकाना हवाच. आणि 'आमचं बँक खातं बदललं' असा मेल आला तर जुन्या, माहितीच्या नंबरवर फोन केल्याशिवाय खातं बदलण्याची मुभा कुणालाही देऊ नका, स्वतःलाही नाही.

काकांना काढायचा विचार असेल तर सोडून द्या. कुठला डीलर 'उद्या देतो' म्हणून चार दिवस लावतो, अडीनडीला रविवारी गोदाम कोण उघडतं, हे त्यांच्या डायरीत नाही, डोक्यात आहे. कोड त्यांच्याच हातून पाडून घ्या. मंजुरीचं बटण त्यांच्याकडे द्या, आणि ठराविक रकमेच्या वर तुमच्याकडे.

प्रश्न: पंचवटीत माझा फरसाणाचा छोटा धंदा आहे. पुरवठादार सहा-सात, बहुतेक रविवार कारंजाच्या बाजूचे. मलाही असं काही लागेल का? – एक वाचक, पंचवटी

उत्तर: नाही. मोबाइलवर एक तक्ता पुरे: माल, पुरवठादार, तारीख, भाव. रोज सकाळी सगळ्यांना एकच मेसेज टाका आणि आलेले भाव त्यात भरा. फक्त तेलाचा भाव डब्यावर लिहू नका, किलोवर लिहा. 15 किलोचा डबा आणि 15 लिटरचा डबा शेजारी ठेवले तर सारखेच वाटतात, पण लिटरवाल्यात तेल पावणेचौदा किलोच्या आतच भरतं.