एकाच डक्ट कूलरवर तीन खोल्या आहेत. डॅम्पर कोणता घ्यावा, कुठे बसवावा?

तुम्ही लिहिलंय की स्लॅबवर डक्ट कूलर (पत्र्याच्या नळीतून, म्हणजे डक्टमधून, हवा सोडणारा) ठेवून तीन खोल्यांत हवा सोडली, तर पुढच्या खोलीत भिंतीवरचं कॅलेंडर फडफडतं आणि मागच्या खोलीत आजोबा हातपंखा घेऊन बसतात. डॅम्पर, म्हणजे डक्टमधली हवा कमी करायचं फिरतं पातं, टाकून काम होईल का? होईल. पण दुकानात जायच्या आधी मागच्या खोलीत उभं राहून बघा, आत आलेली हवा बाहेर जाते कुठून?

मी आर्वी तालुक्यात पत्र्याचं काम करतो. एरवी कोठ्या, दारं, टिनाचे शेड. फेब्रुवारी लागला की नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपेस्तोवर कूलर आणि डक्ट. मागची खोली थंड होत नाही म्हणून बोलावणं आलं की बहुतेक वेळा तिथली खिडकी बंद सापडते. "लू आत येते ना जी!" असं वर ऐकवतात. एसी खोलीतलीच हवा फिरवतो, म्हणून त्याला दारं-खिडक्या लावून घ्यायच्या. कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलत राहतो. रिकाम्या बाटलीत फुंकर मारा, ती तोंडावर परत येते. बंद खोलीचं तेच होतं. आणि हवा आतून बाहेर जोर करत असेल, तर अर्धवट उघड्या खिडकीतून लू सहसा आत शिरत नाही.

आता हिशोब. 12 बाय 12 ची, 10 फूट उंच खोली म्हणजे 1440 घनफूट. आपल्याकडच्या मे महिन्यात तासाला 30 वेळा हवा बदलायची धरली तर मिनिटाला 720 घनफूट लागते. तेवढी हवा बाहेर जायला साधारण दीड चौरस फूट उघडी जागा हवी, म्हणजे खिडकीचं एक पाखं वीतभर उघडं. हीच हवा 12 इंची गोल डक्टमधून न्याल तर मिनिटाला 900 फुटांच्या वर वेग जातो आणि सळसळ ऐकू येते. 14 इंची घेतली की वेग 670 च्या आसपास येतो. डॅम्पर डक्टच्याच मापाचा घ्या. लहान घेऊन रिड्यूसर (माप कमी करणारा जोड) लावायच्या भानगडीत पडू नका.

डॅम्पर हवा वाढवत नाही, अडवतो. पुढे अडवली की ती मागे जाते. त्यामुळे मागच्या खोलीसाठी डॅम्पर पुढच्या खोलीच्या फाट्यावर लागतो! हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात.

गोल डक्टला एका पात्याचा, हाताने फिरवायचा डॅम्पर पुरतो. पातं जस्ताच्या पत्र्याचं, दांड्याला पितळी बुश, बाहेर दांडी आणि ती घट्ट करायला विंग नट. डक्टमध्ये सतत ओल असते, म्हणून प्लायचं पातं नको; फुगून अडकतं. मोटारचे डॅम्पर मी आपल्याकडे सुचवत नाही. लाइन जाते-येते, व्होल्टेज कधी 170 तर कधी 250, आणि एकदा अर्ध्यात अडकला की स्लॅबवर भर उन्हात कोण चढणार?

बसवायची जागा प्रत्येक खोलीचा फाटा फुटतो तिथे, ग्रिलजवळ (हवा खोलीत येते ती जाळी) नाही. मी स्वतःच्या घरी हीच चूक केली होती. हात पुरतो म्हणून ग्रिलच्या मागे वीतभर अंतरावर डॅम्पर टाकला. रात्री अर्धा बंद केला आणि अशी शिट्टी सुरू झाली की आई म्हणाली, "घरात पुलगावची गाडी आणली का रे?" तो काढून ग्रिलपासून चार-पाच फूट मागे नेला, तेव्हा आवाज गेला.

बसवण्याआधी एक काम नक्की करा. दांड्याच्या बाहेरच्या टोकावर हॅक्सॉने पात्याच्या रेषेतच एक खाच पाडा. डक्ट बंद झाल्यावर पातं दिसत नाही, दांडी उलटी बसली तर उघडं-बंद कळत नाही. खाच मात्र खोटं बोलत नाही.

मग सगळे डॅम्पर पूर्ण उघडे ठेवून, खिडक्या रोज ठेवता तशा ठेवून, कूलर चालवा. मागच्या ग्रिलला सुताचा दोरा बांधा. पुढचा डॅम्पर हळूहळू आवळत जा. सुरुवातीला दोरा हलणारही नाही. एका पात्याच्या डॅम्परचं तसंच असतं, खरा फरक अर्ध्यानंतर पडतो. समाधान झालं की नट कसा आणि दांडीच्या जागेवर नेलपॉलिशचा ठिपका द्या, पोट्टे खेळतातच तिच्याशी. तिन्ही डॅम्पर एकदम बंद करून कूलर चालवू नका. पंख्याचा कूलर असेल तर मोटार तापते, ब्लोअर असेल तर हवा सांध्यांतून निघते.

स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टला वेगळी गोष्ट लागते: बाहेरच्या बाजूला हलक्या पट्ट्यांचं आपोआप मिटणारं शटर. पट्ट्या बाहेर उघडल्या पाहिजेत आणि बिजागरी वरच्या बाजूला. उलटं बसवलेलं मी पाहिलंय. न्हाणीत गॅस गिझर असेल तर तिथल्या झरोक्याला बंद होणारं काहीही लावू नका. त्यात जीव जातो.

भाव येईल म्हणून घरात कापूस भरून ठेवत असाल, तर त्या खोलीच्या डॅम्परवर तंतू बसतात आणि ओल लागली की पात्याच्या कडेला नमद्यासारखा थर होतो. मार्चमध्ये कूलर सुरू करायच्या आधी दांडी चार-पाचदा पूर्ण फिरवा. आणि एक्झॉस्टच्या शटरला हात घालण्याआधी काडीने टोचून बघा. गांधीलमाशीला ती जागा फार आवडते, मागच्या वर्षी माझा अंगठा दोन दिवस सुजलेला होता.