नदीच्या खोऱ्यातला रस्ता सपाट असतो का? स्पेनमध्ये रोज १०० किमी रोड सायकलिंग जमेल का?

तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य वाचलं आणि गॅस बारीक करून लिहायला बसले. "दुएरो नदीच्या खोऱ्यातून जायचं असल्याने रस्ता बहुतेक सपाटच असेल, म्हणून रोज १००–१२० किमी धरले आहेत, वाटेतली जुनी गावंही बघायची आहेत, वय ५१, जमेल का?" २०२३ च्या मार्चमध्ये आमच्या जेवणाच्या टेबलावर माझे धाकटे दीर जवळजवळ याच शब्दांत बोलले होते. फक्त त्यांनी शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं नव्हतं.

सपाट नसतो.

आपल्या डोक्यात नदीकाठ म्हणजे वाई किंवा मेणवली. घाटाच्या पायऱ्या, खाली पाणी, वर वाडा आणि रस्ता आपला कडेकडेने. स्पेनच्या मधल्या पठारावर असं नसतं. ते पठारच मुळात या भागात आठशे ते हजार मीटर उंचीवर आहे आणि नद्यांनी चुनखडी कापत कापत स्वतःला खाली गाडून घेतलंय. दुएरोला मिळणारी दुरातोन नदी सेपुल्वेदाच्या पुढे अशा घळीतून वाहते की काही ठिकाणी कडे शंभर मीटर उंच आहेत. नकाशावर निळी रेघ आणि रस्त्याची रेघ शेजारीशेजारी दिसतात. त्यांच्यामध्ये उभा कडा आहे हे वरून बघताना कळत नाही. गावं बसवली ती लढाईच्या काळात, त्यामुळे तीही चढून जायच्या जागीच. सेपुल्वेदा दोन नद्यांच्या मधल्या सोंडेवर आहे. पेद्राथाला आत जायला एकच वेस, तीही वर. म्हणजे पठारावरून नदीकडे उतरायचं, पूल ओलांडायचा, चढायचं, गावासाठी अजून चढायचं. दिवे घाट निदान एकदा चढलात की संपतो. इथे तो तुकड्यातुकड्यांनी दिवसभर पुरतो.

हे मी तेव्हाही सांगितलं होतं. भावजी म्हणाले, "वहिनी, मी सहाशेची बीआरएम केलीये." (म्हणजे ठरलेल्या वेळेत सहाशे किलोमीटर सायकल चालवायची.) केलीये, खरंच चाळीस तासांच्या आत केलीये. त्यावर घरात कोणी बोलत नाही.

मग गिअर. तुम्ही सायकल तिकडेच भाड्याने घेणार असाल तर पुस्तकांची, गावांची यादी बाजूला ठेवा आणि दुकानदाराला आधी मागची कॅसेट विचारा, म्हणजे मागच्या चाकावरची दातेरी चक्रं; त्यांचे दात जितके जास्त तितका चढ हलका. मी मागे ३४ दात आणि पुढे लहान चक्र ३४ चं मागून घेतलं. भावजींनी शर्यतीची सायकल घेतली, पुढे ५२-३६ आणि मागे जास्तीत जास्त २८. माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, मागे परात कशाला लावून घेतलीत? पुरणपोळ्या करायच्यात?" दुकानातला मुलगा, एक शब्द कळला नसताना, हसला. हे मी विसरलेले नाही.

आता आमच्या त्या जूनमधल्या सफरीतला तो दिवस. सेपुल्वेदा ते पेन्याफिएल. दुरातोनच्या सोबतीने गेलं तर साठेक किलोमीटर, आणि सेपुल्वेदा हजार मीटरवर, पेन्याफिएल साडेसातशेवर, म्हणजे कागदावर दिवसभर उतार. साठ किलोमीटर म्हणजे भावजींना अपमान वाटला. त्यांनी साक्रामेनियाकडून फेरा घालून एकशे दहा केले. माझे मिस्टर आणि जाऊबाई सामान घेऊन भाड्याच्या गाडीने परस्पर पेन्याफिएलला जाणार होते. (ह्यांचा सायकलशी संबंध पंक्चरपुरता. तोही दुसऱ्याच्या.)

मी म्हटलं, सातला निघू. भावजी म्हणाले, न्याहारी करून निघू, ऊन झालंच तर दुपारी थांबू, चार वाजता उतरेल. निघायला साडेदहा वाजले. इथे जी चूक झाली ती आपली सगळी माणसं करतात म्हणून सविस्तर सांगते. स्पेन १९४० पासून मध्य युरोपच्या घड्याळावर चालतो, उन्हाळ्यात वर अजून एक तास पुढे. त्यामुळे त्या भागात जूनमध्ये सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी सव्वादोनच्या सुमारास. त्यांचे चार म्हणजे सूर्याच्या हिशेबाने पावणेदोन. ऊन चारला उतरत नाही, चारला ते रंगात येतं आणि सर्वांत वाईट पाच-सहाला असतं. उजेड मात्र रात्री पावणेदहापर्यंत. म्हणून पहाटे निघा, दीडपर्यंत आटपा, नाहीतर सरळ सात वाजेपर्यंत झोपा आणि संध्याकाळचे दोन तास चालवा. मधलं काही करू नका.

व्हियासेकाकडे जाताना रस्ता दरीत उतरतो, पुलावरून पलीकडे जातो आणि लगेच तोंड वर करतो. त्या पुलावर मी थांबले, कारण डोक्यावर गिधाडं होती. एक-दोन नव्हे, मोजताना हरवावीत इतकी. दुरातोनच्या कड्यांवर त्यांच्या शेकडो जोड्या घरटी करतात. मी लहानपणी आजोळी गावाबाहेर गिधाडं पाहिली आहेत. नंतर गुरांना देत असत त्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने आपल्याकडची जवळजवळ संपलीच. इतक्या वर्षांनी इतकी एकत्र बघत होते, तर मागून आवाज, "वहिनी, ॲव्हरेज पडतोय."

व्हियासेकाहून पुढे कच्च्या वाटेने सान फ्रुतोसचं देऊळ आहे. नदी जिथे पूर्ण वळसा घेते त्या वळणाच्या माथ्यावर, बाराव्या शतकाच्या तोंडाशी बांधलेलं. रोड सायकलच्या टायरला ती वाट झेपत नाही, म्हणून मी म्हटलं सायकली गावात लावू, चालत जाऊ. "त्यात दीड तास जाईल." सान फ्रुतोस राहिलं ते राहिलंच.

फुएन्तिदुएन्याला पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. बार बंद, सोमवार. कारंज्याशी पाणी होतं. पाटी वाचायला शिका: "नो पोताब्ले" असेल तर पिऊ नका, डोक्यावर ओता. भावजी सावलीत बसले आणि मी सायकलचे बूट काढून मोज्यांवर वर गेले, कारण मला तिथे नसलेली गोष्ट बघायची होती.

सान मार्तिन नावाचं बाराव्या शतकातलं चर्च होतं तिथे. त्याचा मागचा अर्धगोल भाग, म्हणजे आपण गाभारा म्हणू तो, १९५० च्या दशकाच्या शेवटी दगड-दगड सोडवून न्यूयॉर्कला नेला. सुमारे ३,३०० दगड. तो आज तिथल्या क्लॉइस्टर्स संग्रहालयात उभा आहे. बदल्यात स्पेनला सान बाउदेलिओच्या देवळातली काही भित्तिचित्रं मिळाली, जी स्पेनचीच होती आणि आधी अमेरिकेत विकली गेली होती. गावाला काय मिळालं? वर एक उघडी टेकडी, भिंतीचे अवशेष आणि खडकात माणसाच्या आकाराच्या कोरलेल्या थडग्यांच्या खाचा. मी तिथे वीस मिनिटं उभी होते. वीसच. आमच्या घरात आता ही वीस मिनिटं दोन तासांची झाली आहेत, दरवर्षी दिवाळीत पाच-दहा मिनिटं वाढतात.

तिथून साक्रामेनियाकडे निघालं की रस्ता नदी सोडतो आणि पठाराकडे चढतो. सावली नाही, दोन्ही बाजूंना गव्हाची कापणीला आलेली शेतं, डांबर खडबडीत. साडेतीनला भावजींच्या पोटरीत गोळा आला. ३६ ला २८ लावून उभ्याने रेटत होते, मी मागून परातीवर बसल्या बसल्या चालले होते. आधी एक पाय, मग दोन्ही. रस्त्याच्या कडेला आडवे झाले. मी मीठ-साखरेचं पाणी दिलं, पाय दाबून दिले, ह्यांना फोन लावला. रेंज नव्हती, मी थोडं वर जाऊन लावला. गाडी आली. गाडीत बसलं कोण, ते लक्षात ठेवा, कारण आमच्याकडे सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीत "त्या दिवशी गाडी बोलवावी लागली, वहिनींना ऊन लागलं" असं असतं, आणि हे भावाचं नाव जाईल म्हणून ताटात बघत गप्प बसतात.

मी झाडाखाली सातपर्यंत काढले आणि पुढे एकटी गेले. साक्रामेनियाचीही तीच कथा बरं का, तिथल्या मठाचं प्रांगण वृत्तपत्रवाले हर्स्ट यांनी १९२५ मध्ये विकत घेऊन सुमारे अकरा हजार खोक्यांत भरून अमेरिकेला नेलं; आज ते फ्लोरिडात आहे. शेजारशेजारच्या दोन गावांनी दोन इमारती अटलांटिकपार घालवल्या. तिथून पेन्याफिएलपर्यंत रस्त्यावर मला तीन गाड्या आणि एक मेंढ्यांचा कळप भेटला. कळपासोबत मास्तिन जातीचे राखणीचे कुत्रे असतात, वासराएवढे. पळ काढू नका. उतरायचं, सायकल मध्ये धरायची, हळू चालायचं.

पेन्याफिएलचा किल्ला लांबून जहाजासारखा दिसतो, दोनशे मीटर लांब आणि चिंचोळा, डोंगराच्या पाठीवर ठेवल्यासारखा. नऊ वाजता पोचले, ऊन होतं अजून. भावजी आंघोळ करून बसले होते आणि जाऊबाईंना सांगत होते, "मध्येच थांबलो ना, अंग गार पडलं, म्हणून गोळा आला." छत्तीस अंशात.

तर तुमचं उत्तर: ५१ वय काहीच नाही, मी तेव्हा ५४ ची होते. पण रोज साठ-सत्तर धरा, त्याहून जास्त धरायचं असेल तर गावं बघायची आहेत असं लिहू नका. शंभर करून "सेपुल्वेदा केलं" म्हणणारी माणसं सेपुल्वेदाची पाटी बघून आलेली असतात. टायर किमान २८ मिमी रुंद, मिळाले तर ३२. गिअर वर सांगितलाच. मे महिन्याचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबर. एब्रोच्या खोऱ्यात जायचं मनात असेल तर फ्रीआस आणि ओर्बानेहा बघा, पण तेही सपाट नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

राहिलेलं: माझ्यामागे गाडी होती, तुमच्यामागे नसेल तर पाणी दुप्पट घ्या. गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं आहे. मोटारवाले दीड मीटर अंतर ठेवून जातात, कायदाच आहे, आणि बहुतेक पाळतात. दारूची मर्यादा सायकलवाल्यालाही लागू आहे आणि तुम्ही रिबेरा देल दुएरोच्या द्राक्षमळ्यांतून जाणार आहात. शाकाहारी असाल तर बटाट्याचं ऑम्लेट, चीज, पाव. तेही अंडं चालत असेल तर. राजमा दिसला म्हणून मागवू नका, त्यात डुकराचं काहीतरी असतंच. आणि सर्वांत महत्त्वाचं, तिकडच्या सायकलला पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो, आपल्याकडे बहुधा उजव्या. पहिल्याच उतारावर दाबून बघू नका, दुकानाच्या दारात बघा.

कोणत्या दुकानातून घ्यावी हे विचारलंत, ते मी सांगत नाही, कारण आमचं भावजींनी ठरवलं होतं. यंदा सप्टेंबरात पुन्हा जातोय. सान फ्रुतोससाठी अख्खी सकाळ ठेवलीये. परवा भावजींचा मेसेज आला, "वहिनी, ती तुमची कॅसेट नक्की किती दातांची होती?" मी अजून उत्तर दिलेलं नाही.