भाडं वाचेल हो, पण व्हॅन लावणार कुठे?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मलाच मोह झाला, खरं सांगते. तुम्ही दोघं, वय ३१ आणि २९, पुण्यात वाकडला २ बीएचके, भाडं २८,००० अधिक मेंटेनन्स ३,०००, एकाचं काम घरून आणि एकीला आठवड्यातून तीन दिवस हिंजवडी. दोघांचा मिळून पगार हातात १ लाख ६५ हजार. एफडी ९ लाख, म्युच्युअल फंड ११ लाख, एसआयपी ३०,०००. आणि आता प्लॅन असा की सहा वर्षं जुनी टेम्पो ट्रॅव्हलर ९ लाखांना घ्यायची, ११ लाख घालून तिची कॅम्परव्हॅन करून घ्यायची, फ्लॅट सोडायचा आणि त्यातच राहायचं. पैसे कसे, तर एफडीतले ८ लाख आणि १२ लाख कर्ज पाच वर्षांसाठी. "ताई, भाडं म्हणजे पाण्यात जातंय, ईएमआय २६,७०० येतोय म्हणजे भाड्यापेक्षा कमीच, आणि पाच वर्षांनी व्हॅन आपली."

ईएमआय तुम्ही बरोबर काढलाय, १२ टक्क्यांनी तेवढाच येतो. म्हणजे पाच वर्षांत १६ लाख फेडणार, ४ लाख व्याज. फक्त एक चौकशी आधी करा, जुन्या गाडीवर बँक कर्ज देईल पण आतल्या बेड-किचन-बॅटरीच्या ११ लाखांवर देईलच असं नाही, तो भाग बऱ्याचदा पर्सनल लोनमध्ये जातो आणि तिथे व्याज वेगळं लागतं. पण चला, तुमचेच १२ टक्के धरू.

आता तुमच्या बाजूने जितकं उदार होता येईल तितकं होऊन हिशोब मांडते. पदरचे ८ लाख आणि हप्त्यांचे १६, झाले २४ लाख. पाच वर्षांनी गाडी अकरा वर्षांची होणार, ती ६ लाखांना गेली असं धरते, तेही तुमच्यासारखंच कोणीतरी हौशी गिऱ्हाईक मिळालं तर, कारण बाकीच्यांना ती ट्रॅव्हलर हवी असते, तुमचा ओटा नको असतो. म्हणजे निव्वळ खर्च १८ लाख. आणि तुमचं २८,००० भाडं दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढत गेलं तर पाच वर्षांचं होतं १८ लाख ५७ हजार. बघा, बरोबरी झाली की! मला वाटलं होतं इथेच तुमचा प्लॅन पडेल, पण नाही पडला.

गोची पुढे आहे. भाडं दिलं की फ्लॅटसोबत काय काय येतं हे आपण कधी मोजत नाही, नळाला पाणी येतं, प्लगमध्ये करंट येतो, फ्लश केलं की विषय संपतो, गेटवर वॉचमन असतो, आणि रात्री बारा वाजता काचेवर कोणी टकटक करून "गाडी काढा इथून" म्हणत नाही. व्हॅनमध्ये हे सगळं सुटं सुटं विकत घ्यावं लागतं. तुम्हीच लिहिलंय की सूसला एका ओळखीच्यांच्या प्लॉटवर लावायला महिना ७,००० मागतायत, त्यात एक प्लग पॉइंट आणि बोअरचं पाणी. पाच वर्षांचे झाले ४ लाख २० हजार. इन्शुरन्स, टायर, सर्व्हिसिंग, आतल्या पंपापासून दाराच्या बिजागरीपर्यंतची सटरफटर कामं, महिना ५,००० धरा, ३ लाख. घरून काम करणाऱ्याला एप्रिलमध्ये दुपारी पत्र्याच्या खोक्यात मीटिंग घेता येत नाही, तेव्हा को-वर्किंगचं एक टेबल, महिना ५,०००, अजून ३ लाख. लाँड्री, प्यायच्या पाण्याचे जार, अंघोळीसाठी म्हणून घेतलेली जिमची मेंबरशिप (हसू नका, सगळे तेच करतात) महिना ४,०००, म्हणजे २ लाख ४० हजार. एकूण गेलं ३० लाख ६० हजारांवर. भाड्याच्या बाजूला मेंटेनन्सचे १ लाख ८० हजार आणि मध्ये घर बदलावं लागलं तर ब्रोकरेज-शिफ्टिंगचा १ लाख टाकला तरी ती साडेएकवीसच्या आत राहते. फिरण्याचा खर्च दोन्हीकडे सारखा धरलाय, व्हॅनमध्ये हॉटेल वाचेल आणि डिझेल वाढेल.

फरक नऊ लाखांच्या वर, म्हणजे महिना पंधरा हजार, म्हणजे तुमची अर्धी एसआयपी. त्यात एफडी मोडली नसती तर ८ लाखांवर ७ टक्क्यांनी पाच वर्षांत सव्वातीन लाख व्याज मिळालं असतं, टॅक्स जायचाय त्यातून, पण तरी. आणि तुम्ही लिहिलंय की तुम्ही अजून जुन्या टॅक्स रिजीममध्ये एचआरए, म्हणजे घरभाडे भत्त्यावरची टॅक्ससूट, घेताय. भाडं थांबलं की तो थांबला. प्लॉटवर गाडी लावल्याची पावती दाखवून एचआरए मागायला जाऊ नका, ते घराचं भाडं नाही. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये समजा २ लाखांची सूट जात असेल तर सेससकट वर्षाला ६२,४०० रुपये टॅक्स वाढला. तुमचा नेमका आकडा फॉर्म १६ वर बघा, आणि मग नवी रिजीम बरी पडते का तेही तपासा.

तुम्ही ज्यांचे व्हिडिओ बघून हे ठरवलंय ते लोक अमेरिकेतले आहेत, आणि त्यांचं गणित तिकडच्या सोयींवर उभं आहे. तिकडे आरव्ही पार्क, म्हणजे राहत्या गाड्यांचे तळ असतात, गाडी लावली की वीज, पाणी आणि सांडपाणी तिन्हीची जोडणी जागेवर मिळते. संडासाची टाकी रिकामी करायला ठरलेली ठिकाणं असतात. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी खात्याच्या बऱ्याचशा जमिनीवर एका जागी १४ दिवस फुकट मुक्काम करता येतो. साउथ डकोटासारख्या राज्यात टपाल सांभाळणाऱ्या कंपनीचा पत्ता घेऊन रीतसर रहिवासी होता येतं. आपल्याकडे राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅनचं धोरण आणलं खरं, पण ते पर्यटनासाठी, वाकडच्या माणसानं बारा महिने त्यात राहावं म्हणून नाही.

आम्ही स्वतः तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये अशी एक व्हॅन चार दिवस भाड्यानं घेतली होती, कोणाकडून ते सोडा. दोन रात्री मजा आली. तिसऱ्या दिवशी गादी उचलली तर खाली प्लायवर पांढरी बुरशी, कपडे वाळायलाच तयार नाहीत, नवऱ्याचा शर्ट आरशावर लटकवलेला तो पुण्यात येईपर्यंत ओलाच. आणि संडासाची ती वीसेक लिटरची कॅसेट, म्हणजे खालून काढायची मैल्याची पेटी, भरली. वाईच्या अलीकडे एका ढाब्यावर आमचे हे ती पेटी हातात धरून मालकाला विचारतायत की ही कुठे रिकामी करू, आणि मालक एकदा पेटीकडे बघतोय, एकदा यांच्याकडे, आणि मग जेवणाऱ्या गिऱ्हाइकांकडे. शेवटी जेवण घेतलं, टीप दिली, तेव्हा मागच्या संडासाची किल्ली मिळाली. चार दिवसांसाठी ही गोष्ट सांगायला छान आहे. रोजची असेल तर नाही.

पाणी-विजेचंही असंच. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी हा हिशोब धरतात, व्हॅन आतून बांधून देणाऱ्या तुमच्या फॅब्रिकेटरच्या कोटेशनमध्ये टाकी आहे १०० लिटरची, दोघांत. बॅटरी २०० अँपिअर-तास, १२ व्होल्ट, म्हणजे जेमतेम अडीच युनिट. एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट खातो, म्हणजे रात्री अकराला लावला तर दीडला पंखा. छतावरचं ४०० वॉटचं सोलर कडक उन्हात दिवसाला दीड-दोन युनिट देईल, जुलैत ढगात त्याचं काही खरं नाही. म्हणजे त्या सूसच्या प्लगशिवाय तुमचं पान हलणार नाही, आणि मग तुम्ही भाडेकरूच आहात की, फक्त भिंती स्वतःच्या आणल्यात.

हो, आणि "अडलं तर काही दिवस नदीपात्रात लावू" हे वाक्य तुम्ही गंमतीत लिहिलं असेल अशी आशा करते. खडकवासला धरणातून मुठेत विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि पात्रातल्या गाड्या काढायची पळापळ होते, हे दरवर्षीचं आहे. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडला एकतानगरीत तर सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं होतं.

कागदांचं मात्र जरा थांबून वाचा, कारण इथे पैसे बुडू शकतात. तुम्ही बघितलेली ट्रॅव्हलर पिवळ्या पाटीची आहे. ती आधी खासगी करून घ्यावी लागेल, परमिट रद्द, जुन्या मालकाचं कर्ज असेल तर फायनान्सवाल्याची एनओसी, टॅक्सचा फरक. त्यानंतर सीट काढून बेड बसवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली बदल आहे, आरटीओच्या मंजुरीशिवाय करता येत नाही आणि आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, त्याची नोंद लागते. कॅराव्हॅनसाठी एआयएस १२४ नावाचं वेगळं मानक आहे, गंमत म्हणजे ही मानकं छापणारी एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आपल्या पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच बसते. फॅब्रिकेटरला सरळ विचारा, याआधी तुम्ही केलेल्या गाडीची आरसी दाखवा, त्यावर बॉडी टाईप काय लिहिलाय. "सगळं होऊन जातं मॅडम" हे उत्तर आलं तर ॲडव्हान्स देऊ नका. आरसीवर बस आणि आत स्वयंपाकघर, असं असताना उद्या आग लागली तर इन्शुरन्स कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवणार. ११ लाखांचं काम पॉलिसीच्या आयडीव्हीत, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीत, धरून घ्यावं लागतं, आपोआप येत नाही, आणि आतले लॅपटॉप-कपडे साध्या गाडीच्या पॉलिसीत नसतातच. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, त्यातली सहा संपलीत, हेही विकताना आठवेल.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. ९ लाखांच्या एफडीतले ८ गेले की हातात उरतो १ लाख. आणि गाडी गॅरेजला गेली की त्याच दिवशी घरही गॅरेजला गेलं. पार्ट यायला बारा दिवस लागले तर बारा दिवस हॉटेल, रोजचे अडीच हजार धरले तरी ३०,०००, शिवाय गॅरेजचं बिल, आणि ईएमआय थांबत नाही. फ्लॅटमध्ये गीझर बिघडला तर बादलीत हीटर टाकून भागतं. तीन वर्षांनी मुलाचा विचार आहे असंही लिहिलंय, कर्ज पाच वर्षांचं आहे. यावर मी जास्त बोलत नाही, तुम्ही दोघं बसून बोला.

मग माझं म्हणणं काय, तर भाडं वाचवायला म्हणून हे करू नका, कारण वाचत नाही. हौस म्हणून करायचं असेल तर हौसेच्या पैशांनी करा. एफडीला हात नको, त्यातले ५ लाख इमर्जन्सीचे म्हणून बाजूला काढून ठेवा. कंपनीच्या मेडिक्लेमवर विसंबू नका, स्वतःचा एक फॅमिली फ्लोटर, म्हणजे घरातल्या सगळ्यांचा मिळून एक आरोग्यविमा, १० लाखांचा आधी घ्या. एसआयपी चालू ठेवून वर महिना १५,००० वेगळ्या आरडीत टाका, हे तेच पंधरा हजार जे व्हॅनमध्ये जास्तीचे जाणार होते, तेवढे निघत नसतील तर उत्तर तिथेच मिळालं.

आणि अ‍ॅग्रीमेंट ११ महिन्यांचं आहे ना, ते अजून एकदा रिन्यू करा. येत्या जुलैत दहा दिवस व्हॅन भाड्यानं घ्या, महाबळेश्वरला नेऊ नका, सूसच्या त्याच प्लॉटवर लावा आणि तिथून हिंजवडीला कामाला जा, तिथेच स्वयंपाक करा, तिथेच मीटिंग घ्या. रोजचा खर्च वहीत लिहा. प्लॉटवाल्या ओळखीच्यांना मात्र आजच फोन करून विचारा की कॅसेट कुठे रिकामी करायची, आणि ते काय म्हणतात ते मला कळवा.