'अपोलो, १९५५' या शीर्षकाने मला कसं फसवलं

तुमची पोस्ट वाचली आणि कपाळावर हात मारून घेतला. तीन मिनिटांची कृष्णधवल क्लिप, आधी निवेदक येऊन दोन वाक्यं बोलतो, टाळ्यांचा कडकडाट, मग गाणं. खाली नाव 'अपोलो थिएटर, हार्लेम, १९५५', म्हणजे न्यूयॉर्कमधलं ते प्रसिद्ध नाट्यगृह. आणि तुम्हाला हवी आहे त्या प्रयोगाची नेमकी तारीख. मीही एके काळी हीच तारीख शोधत जवळजवळ वर्ष घालवलंय, म्हणून आधीच सांगून टाकतो: बहुतेक असा प्रयोग झालाच नव्हता.

१६ मिमी (फिल्मची रुंदी), किनेस्कोप (टीव्हीच्या पडद्यावरून फिल्मवर घेतलेली नोंद), टेलिसिने (फिल्मचं व्हिडिओत रूपांतर) हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. मुद्दा हा की १९५० ते ५२ च्या काळात लुई स्नेडर नावाच्या निर्मात्याने लॉस एंजेलिसला शेकडो गाणी चित्रित करून घेतली. एक गाणं म्हणजे एक सुटी फिल्म, साधारण तीन मिनिटांची. त्यांना टेलिस्क्रिप्शन म्हणत. टीव्ही केंद्रांनी त्या घ्यायच्या आणि दोन कार्यक्रमांमध्ये फट पडली की लावायच्या. सेट बेताचा, समोर प्रेक्षक नाहीत, आणि गाणं कॅमेऱ्यासमोरच ध्वनिमुद्रित केलेलं. नॅट किंग कोल, ड्यूक एलिंग्टन, सारा व्हॉन, असे जाझमधले मोठे कलाकार सगळे तिथे येऊन गेले.

पुढे हा माल स्टुडिओ फिल्म्स या कंपनीकडे गेला. त्यांनी १९५५ च्या सुमारास काही नवी गाणी चित्रित केली, विली ब्रायंटला निवेदक म्हणून उभं केलं, टाळ्या वाजवणाऱ्या प्रेक्षकांचे शॉट घेतले, आणि मध्ये मध्ये जुनी टेलिस्क्रिप्शन्स शिवून टाकली. वर पाटी लावली अपोलोची. म्हणजे एकाच क्लिपमध्ये निवेदक एका वर्षाचा, गाणं चार-पाच वर्षं आधीचं, आणि टाळ्या तिसऱ्याच कुणासाठी.

आता माझी चूक. माझ्याकडची क्लिप काउंट बेसीची होती, म्हणजे मोठा जाझ बँड चालवणाऱ्या पियानोवादकाची. एका संग्रहालयाकडून (नाव घेत नाही, उगाच वाद नको) रीतसर पैसे भरून प्रत घेतली, सोबतच्या कागदावर 'अपोलो, १९५५' छापलेलं. मी ते डोळे झाकून उचललं, आमच्या श्रवणमंडळासाठी चार पानी टिपण लिहिलं, छापलं, वाटलं. अपोलोच्या रंगमंचाचं वर्णनसुद्धा केलं होतं हो मी त्यात! मंडळात क्लिप दाखवली, ती संपली तसे मागच्या रांगेतले एक काका उठले आणि शांतपणे म्हणाले, "बाकीची माणसं कुठे गेली?"

पडद्यावर बेसी धरून जेमतेम सहा-सात जण होते. १९५० मध्ये मोठा बँड परवडेना म्हणून बेसीने तो मोडला आणि काही काळ छोट्या संचावर भागवलं. १९५२ पर्यंत मोठा बँड पुन्हा उभा राहिला होता. १९५५ मध्ये तो पूर्ण ताफ्यानिशी वाजवत होता. मी ती क्लिप पन्नासेक वेळा पाहिली असेल, पण माणसं मोजली नव्हती.

चूक माझीच, पण त्यानंतरचा ताप त्या संग्रहालयाचा. नोंद चुकीची आहे असं पुराव्यानिशी कळवलं, तर अर्ज भरा म्हणाले. भरला. दोन महिन्यांनी तोच अर्ज पुन्हा भरायला सांगितला, कारण विभाग बदलला होता. शेवटी दोन ओळींचं उत्तर आलं: आमची नोंद डब्यावरच्या लेबलाशी जुळते. अहो, लेबलच चूक आहे हेच तर सांगतोय! तुम्हीही त्यांना पत्र लिहायच्या विचारात दिसता. खुशाल लिहा, पण त्यांच्या उत्तरावर काही उभं करू नका.

फितीच्या कडेची कोडॅकची खूण (वर्तुळ, चौकोन, त्रिकोण) कुणीतरी सुचवेलच. चांगली आहे, पण ती कच्ची फीत कधी बनली ते सांगते, चित्रीकरण कधी झालं ते नाही. शिवाय चिन्हं दर २० वर्षांनी तीच येतात, आणि निगेटिव्हवरची खूण नव्या प्रिंटवर उतरून दोन-दोन दिसतात. मी तिच्यावर तारीख ठरवत नाही.

जाता जाता, क्लिप त्याहून जुनी, १९४० च्या दशकातली वाटली तर ती 'साउंडी', म्हणजे एका गाण्याची छोटी फिल्म, असू शकते. त्या पॅनोरॅम नावाच्या, नाणं टाकून चालणाऱ्या यंत्रासाठी बनत. यंत्रात चित्र आरशांवरून पडद्यावर जायचं, म्हणून प्रिंटच उलटी काढत. पुढे कुणी ती तशीच स्कॅन केली की सगळे गिटारवाले डावखुरे होतात. कोटाचा रुमालाचा खिसा बघा. तो माणसाच्या उजव्या छातीवर, म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडे, दिसला तर फ्रेम उलटी आहे. यातल्या बऱ्याच फिल्म्स नंतर मूळ श्रेयनामावली कापून नव्या शीर्षकाने विकल्या गेल्या, त्यामुळे शीर्षकपाटीवरचं साल वाचून हुरळून जाऊ नका. आणि साउंडीत गाणं आधी मुद्रित करून त्यावर ओठ हलवलेले असत, टेलिस्क्रिप्शनमध्ये तसं नाही. श्वास घेताना गळ्याकडे बघितलं की फरक कळतो. निदान मला कळतो असं वाटतं.

मी काही अभ्यासक नाही, आणि तुमची क्लिप स्टुडिओ फिल्म्सने नव्याने चित्रित केलेल्यांपैकीही असू शकेल. म्हणून एवढंच करा: गायक आणि प्रेक्षक एकाच फ्रेममध्ये, एकही कट न होता, कुठे दिसतात का ते शोधा. माझ्या क्लिपमध्ये एकदाही दिसले नाहीत. मग गाण्यामागचा पडदा आणि निवेदकामागचा पडदा शेजारी शेजारी ठेवून बघा, आणि दोन्ही फ्रेम इथे टाका. वादक किती आहेत तेही लिहा.