अपिलात धुरा मोजत नाहीत

प्रश्न : वकीलताई, आमचं गाव केज तालुक्यात आहे. माझे मालक आणि त्यांचे चुलतभाऊ यांची धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, वीस वर्षांची धुसफूस. जानेवारी २०२१ मध्ये ग्रामपंचायत लागली, दोन्ही घरं दोन पॅनलमध्ये. आमचं पॅनल पडलं. पुढं १० फेब्रुवारीच्या रात्री चुलतदीर गव्हाला पाणी द्यायला गेले आणि आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) त्यांचा खून झाला. त्यांच्या मुलानं फिर्याद दिली, त्यात आमच्या घरातले सात जण घातले. सेशन कोर्टानं तिघं सोडले, चौघांना जन्मठेप दिली. त्यात माझे मालक आहेत, ते आता हर्सूल जेलमध्ये आहेत. निकालाला अडीच महिने झाले. अपिलासाठी वकील दोन लाख मागतात. परवा भावकीतल्या म्हाताऱ्यांनी बैठक घेतली. फिर्यादी म्हणतो, धुऱ्यालगतचं दोन एकर नावावर करा, मी हायकोर्टात लिहून देतो की अंधारात मला कुणी ओळखू आलं नाही. वायरमनही म्हणतो की त्या रात्री लाईट नव्हती. काय करू?
— एक भगिनी

उत्तर : आधी दोन एकरांचं सांगते, कारण हे छापून येईपर्यंत तुम्ही रजिस्ट्री ऑफिसात जाऊन बसाल अशी मला धास्ती आहे. देऊ नका, बाई. खुनाचा गुन्हा आपसात मिटत नाही. त्या पोरानं कोर्टात शपथेवर सांगितलंय की मी ओळखलं. आता त्यानं स्टॅम्प पेपरवर उलटं लिहून दिलं, तर हायकोर्ट पहिल्यांदा एवढंच विचारणार : तेव्हा खोटं बोललास की आता बोलतोयस? दोन्ही उत्तरांत तो खोट्या साक्षीत अडकतो. हे त्याला त्याचा वकील समजावून सांगेल, मग तो मागं फिरेल. रान मात्र फिरून येणार नाही. वर साक्षीदाराला जमीन देऊन फिरवला, हा डाग तुमच्याच मालकांवर बसेल. माणूस गेला त्या धुऱ्यापायी, आणि बैठकीत पुन्हा धुराच सरकवायला निघालेत. त्या म्हाताऱ्यांना माझा नमस्कार सांगा.

आता मुदत. सेशन कोर्टाच्या शिक्षेविरुद्ध हायकोर्टात अपील करायला ६० दिवस असतात, आणि निकालाची नक्कल मिळायला जे दिवस गेले ते त्यातून वजा होतात. तुमचे थोडे दिवस वर गेले असतील, तर अपिलासोबत उशीर माफीचा अर्ज जोडायचा. जेलमधल्या माणसाचा एवढा उशीर कोर्ट सहसा धरून बसत नाही. अजून महिनाभर घालवू नका, एवढंच. निकालाची एक प्रत आरोपीला तिथल्या तिथं फुकट द्यावी लागते, ती मालकांच्या पिशवीत असणार. भेटीला जाल तेव्हा मागून घ्या.

दोन लाखांचंही ऐका. कोठडीत किंवा जेलमध्ये असलेल्या माणसाला त्याचं उत्पन्न न बघता सरकारी खर्चानं वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ तसं म्हणतं. अर्ज जेलच्या अधीक्षकांकडं द्यायचा. अपीलसुद्धा त्यांच्यामार्फत पाठवता येतं. घरबसल्या विचारायचं तर १५१०० हा नंबर आहे. फुकटचा वकील म्हणजे टाकाऊ वकील, असं पारावर कुणीतरी सांगेलच. मी अशी कितीतरी अपिलं चालवली. फी कमी मिळाली, वही तीच वापरली.

त्या वहीचं सांगायलाच हवं. मी अंबाजोगाईची. वकिलीची पहिली वर्षं परभणीत काढली, मग संभाजीनगरच्या खंडपीठात आले. माझे सीनियर भावकीच्या खुनाचं अपील आलं की पहिले दोन दिवस कायद्याचं पुस्तक उघडू द्यायचे नाहीत. फुलस्केपवर रेघा मारायला लावायचे. डाव्या बाजूला आरोपींची नावं एकाखाली एक, वर रकाने : फिर्यादीत काय, पोलिसांपुढच्या जबाबात काय, पुरवणी जबाबात काय, कोर्टात काय, आणि शेवटी पोस्टमॉर्टेमचा रकाना १७, म्हणजे अंगावरच्या बाहेरच्या जखमा. एका प्रकरणात नऊ आरोपी होते, सहा साक्षीदार. सहाव्या आरोपीच्या ओळीत आले तर पहिले दोन रकाने रिकामे. त्याचं नाव पहिल्यांदा उगवलं ते अकराव्या दिवशीच्या पुरवणी जबाबात, सगळ्या साक्षीदारांच्या तोंडी एकदम, आणि सगळ्यांचं वाक्यही एकच : ‘हातात काठी होती.’ रकाना १७ मध्ये काठीचा एक वळ नाही, सगळे घाव धारेचे. तो माणूस सुटला. पण त्या एकाच कागदावर पहिल्या तिघांच्या ओळी काठोकाठ भरल्या होत्या, आणि त्यांची शिक्षा कायम झाली. तो कागद बघून मी तेव्हाच मनात म्हणाले होते की हे असंच होणार.

तुमच्या वकिलांना हेच करायला सांगा. ‘आमची दुश्मनी आहे म्हणून अडकवलं’ एवढ्यावर अपील उभं राहत नाही. वैर हे दुधारी पातं : त्यानं खोटं नाव घातलं जातं आणि त्यानंच खूनही होतो. सुप्रीम कोर्टानं १९५३ मध्ये दलीप सिंग प्रकरणात म्हटलंय की जवळचा नातलग खऱ्या मारेकऱ्याला सोडून भलत्याला गोवायला सहसा धजणार नाही. पण डोकी तापलेली असतात तेव्हा खऱ्या गुन्हेगारासोबत एखादा निरपराधही ओढला जातो, हेही तिथंच नोंदवलंय. १९६४ मध्ये मसलती प्रकरणातही असेच गावातले गट होते. खूप आरोपी आणि खूप साक्षीदार असतील, तर निदान दोन-तीन साक्षीदार ज्याच्याबद्दल एकसारखं सांगतात त्यालाच धरावं, अशी कसोटी तिथं मान्य झाली. म्हणून प्रश्न भावकीचा राहत नाही, तुमच्या मालकांच्या एका ओळीचा होतो. ते कुठं उभे होते, हातात काय होतं, आणि हे किती जणांनी, कितव्या दिवशी सांगितलं?

निकालात आणखी एक गोष्ट बघायची. शिक्षा ३०२ (खून) सोबत १४९ (बेकायदा जमाव) खाली आहे की ३४ (एकच इरादा) खाली? (गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा, म्हणून जुन्या दंड संहितेचीच कलमं लागतात.) १४९ ला किमान पाच जणांचा जमाव लागतो. नावं सातांची, सुटले तिघं, उरले चार. सातांखेरीज आणखी अनोळखी लोक होते असा पुरावा नसेल, आणि तरी १४९ लावलं असेल, तर तो मोठा मुद्दा आहे. पण नाचू नका. चौघांचा इरादा एक होता असं दिसलं तर कोर्ट ३४ लावू शकतं, आणि ३४ लागलं की घाव नेमका कुणाच्या हातचा, हे दुय्यम होतं. काठीचा वळ नव्हता म्हणून सुटला, असं मी वर लिहिलं ते अर्धंच खरं. तो सुटला मुख्यतः अकराव्या दिवसामुळं.

आता लाईट. इथं मी जरा थांबले. तुमचे चुलतदीर रात्री गव्हाला पाणी द्यायला गेले, म्हणजे मोटारीला लाईट असणार किंवा येणार होती. ‘लाईटच नव्हती’ म्हणालात तर समोरचा सरकारी वकील हसून विचारेल, मग ते रानात कशाला गेले होते? शेतीचं फिडर (वीजवाहिनी) वेगळं, गावठाणचं वेगळं. आखाड्याजवळच्या खांबावर दिवा असेल, तर तो कुठल्या फिडरवर होता, हे आधी शोधा. घटनास्थळाच्या पंचनाम्यात खांब आहे का, दिवा आहे का, अंतर किती, तेही बघा. वायरमनचं तोंडी बोलणं काही कामाचं नाही, सबस्टेशनच्या नोंदवहीचा उतारा लागेल. पंचांग मी बघितलं : ११ फेब्रुवारी २०२१ ला पौष अमावस्या. म्हणजे आदल्या रात्री चांदणं नव्हतं, हे तुमच्या बाजूचं. तुमच्या विरुद्ध हे, की रोज उठून बघितलेला चुलता-पुतण्या चालीवरून, आवाजावरूनही ओळखू येतो, आणि कोर्ट ते मानतं.

हा नवा कागद अपिलात देता येतो का? फौजदारी प्रक्रियेच्या जुन्या संहितेतल्या कलम ३९१ खाली (नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४३२) हायकोर्ट जादा पुरावा घेऊ शकतं, पण क्वचित. खटल्याच्या वेळी हा का आणला नाही, याचं पटणारं उत्तर हवं. आधीच्या वकिलांना सुचलं नाही, हे त्यासाठी फार कच्चं उत्तर आहे.

अपिलासोबत शिक्षा स्थगितीचा आणि जामिनाचा अर्ज करा. खटला चालू असताना जामीन होता, एवढ्यानं तो मिळत नाही. आता ते दोषी ठरलेत. जन्मठेपेत सरकारी वकिलाला लेखी हरकत घ्यायची संधी दिल्यावरच अर्ज ऐकतात. पहिल्या फटक्यात फेटाळला तरी अपील मेलं असं समजू नका.

प्रश्न : माझ्या वडिलांच्या खुनात पाचही आरोपी सुटले. साक्षीदार आम्ही घरचेच, म्हणून जज्जनं विश्वास ठेवला नाही. सरकार अपील करणार नाही असं कळलं. आम्हाला करता येतं का?
— एक वाचक, हिंगोली जिल्हा

उत्तर : येतं. ३१ डिसेंबर २००९ पासून पीडिताला, म्हणजे मयताच्या वारसालाही, सुटकेविरुद्ध स्वतः अपिलाचा हक्क आहे. आधी कोर्टाची वेगळी परवानगी लागत नाही, हे सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं. सरकारच्या तोंडाकडं बघत बसू नका.

पण दादा, सुटकेविरुद्धचं अपील चढावर बैलगाडी ओढण्यासारखं असतं. निर्दोष मानण्याचा हक्क आरोपीला आधीच होता, सुटल्यावर तो दुप्पट झाला. पुराव्यावरून दोन्ही निष्कर्ष निघू शकत असतील, तर हायकोर्ट खालच्या कोर्टाचा निकाल हलवत नाही. मात्र निकालात खरंच ‘नातलग आहेत म्हणून’ एवढंच कारण असेल, तर ते चुकीचं आहे. रात्री घराच्या अंगणात काही घडलं, तर त्याला घरचे सोडून कोण साक्षीदार असणार? वर लिहिलेला दलीप सिंगचा निकाल तुमच्याही कामाचा आहे. वरच्या प्रश्नातल्या भगिनीच्या आणि तुमच्या वकिलानं उद्या एकच निकाल दोन बाजूंनी वाचला तर नवल वाटून घेऊ नका. आमचा धंदाच तसा आहे.

प्रश्न : जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं ना? माझ्या भावाची होत आली.
— एक वाचक, नांदेड जिल्हा

उत्तर : नाही. जन्मठेप म्हणजे उरलेलं आयुष्य. हे १९६१ मध्ये, गांधीहत्येच्या खटल्यात जन्मठेप झालेले गोपाळ गोडसे यांच्याच प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलं. खुनासारख्या गुन्ह्यात प्रत्यक्ष चौदा वर्षं भोगल्याशिवाय शासन सोडू शकत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. पुढं किती, ते गुन्ह्याच्या प्रकारावर. शासनानं त्याचे वर्ग पाडलेत. भावाचा वर्ग कोणता आणि माफीचे (शिक्षेतून सूट मिळालेले) दिवस किती जमा आहेत, हे जेलच्या ऑफिसातून लेखी मागून घ्या आणि मला पाठवा.