वायपर ब्लेडचं डिझाइन सुधारायचं तर नेमकं काय बदलावं?

तुम्ही लिहिलंय की इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी वायपर ब्लेड घेतलंय. पहिल्याच पावसात काचेवर पट्टे उठतात, वायपर थडथडतो, म्हणून एकाऐवजी दोन धारांचं रबर लावून बघायचा विचार आहे. भोसरीत गाड्यांचे रबरी भाग बनवण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे आधीच सांगतो, दुसऱ्या धारेच्या मागे लागू नका. पुण्यात वायपर पावसात खराब होत नाही, उन्हाळ्यात होतो. डिझाइन सुधारायचं ते त्या कोरड्या महिन्यांसाठी.

नवं रबर आडवं कापा आणि भिंगाखाली धरा. वर पट्टीत अडकणारा जाड माथा, त्याखाली बारीक मान, मग त्रिकोणी अंग आणि टोकाला मिलिमीटरहूनही पातळ ओठ दिसेल. ही रबरं ओठाला ओठ जोडलेल्या जोडीने तयार होतात आणि नंतर मधोमध पात्याने कापून वेगळी केली जातात. त्या कापामुळे ओठाची कड तीक्ष्ण राहते. पाणी पुसते ती ही कड, बाकी सगळं तिला धरून ठेवण्यासाठी. वायपर एका दिशेने निघाला की ओठ मागे कलून फरफटत जातो. परत फिरताना मानेतून वाकून दुसऱ्या कुशीवर पडतो. ही पलटी नीट झाली तरच काच स्वच्छ.

आता पावसाळा संपल्यापासून मेअखेरपर्यंत काय होतं बघा. वायपर एकाच जागी, ओठ एकाच बाजूला दुमडलेला, वरून आर्मच्या, म्हणजे ब्लेड धरणाऱ्या दांड्याच्या स्प्रिंगचा दाब. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा उन्हात उभ्या गाडीची काच हात लावू देत नाही. रबराला कायमचा बाक बसतो. ऊन आणि हवेतला ओझोन मिळून नैसर्गिक रबर वरून कडक करतात, त्याला बारीक तडे जातात. जूनमध्ये वायपर चालू केला की एका दिशेने तो ठीक पुसतो, पण परत येताना ओठ पलटतच नाही. तो पुढे ढकलला जातो, अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो. तुमची थडथड बहुतेक वेळा हीच असते.

म्हणून पट्टे कसे आहेत ते आधी ओळखायला शिका. पट्टे एकाच दिशेने जाताना येत असतील तर बाक बसलाय. जाता-येता त्याच जागी एकच बारीक रेघ उमटत असेल तर तिथे ओठाला खाच पडलीय किंवा कण अडकलाय. मधला किंवा टोकाचा रुंद भाग ओलाच राहत असेल तर तिथे दाब पोचत नाही. आणि सगळीभर धुरकट थर राहत असेल तर रबराला बोल लावू नका. काचेवर डिझेलच्या धुराचा नाहीतर वॉशिंगवाल्याच्या मेणाचा तेलकट थर आहे, काच साफ करा.

पुण्याच्या पावसाचाही यात हात आहे. ताम्हिणी घाटात धो-धो पावसात जुनं रबरसुद्धा बरं चालतं, कारण ओठाखाली पाण्याचा थर असतो आणि घर्षण अगदी कमी. शहरात मात्र बराच वेळ भुरभुर असते. काच धड ओली नाही, धड कोरडी नाही. नेमक्या याच अवस्थेत घर्षण कोरड्या काचेपेक्षाही वर चढतं. चाचणी भरपूर पाणी मारून घेतलीत तर सगळी ब्लेडं पास होतील आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. पाणी हळूहळू बंद करत न्या आणि काच सुकत येतानाचा आवाज आणि पट्टे नोंदवा.

दोन धारा लावल्या की आर्मचा तोच दाब दोघींत वाटला जातो, दोघी वेगवेगळ्या क्षणी पलटतात आणि मधे धूळ साठते. दाब वाढवून भरपाई करायला गेलात तर मोटरवर ताण येतो आणि रबर लवकर झिजतं. ब्लेडच्या दर मीटर लांबीला साधारण १५ न्यूटन हा धंद्यातला ठोकताळा आहे. २४ इंची ब्लेडला तो ९ न्यूटनच्या आसपास, म्हणजे सुमारे ९०० ग्रॅम वजनाइतका होतो. हा दाब स्प्रिंगच्या काट्याने सहज मोजता येतो. फ्रेमच्या, म्हणजे धातूच्या सांगाड्याच्या ब्लेडमध्ये तो काही ठरावीक ठिकाणी पोचतो, फ्लॅट ब्लेडमध्ये काचेपेक्षा जास्त बाक दिलेली पोलादी पट्टी तो लांबीभर पसरवते. फ्लॅटचा हा फायदा खरा आहे, पण ती पट्टी तुमच्या काचेच्या गोलाईशी जुळली नाही तर टोकं उचललेली राहतात.

मला विचाराल तर प्रोजेक्ट वायपर थांबतो त्या जागेवर करा. फोक्सवॅगनच्या काही गाड्यांत गाडी बंद केल्यावर वायपर अधूनमधून किंचित वर सरकतो, म्हणजे ओठाची कूस बदलते. ही सोय साध्या मोटरच्या स्वस्त गाडीत कशी आणता येईल? थांबण्याच्या जागी एक छोटा उंचवटा ठेवून ओठावरचा दाबच काढता येईल का? यावर मनापासून काम व्हायला हवं, कारण महागडं रबर परवडत नाही अशा टॅक्सी-टेम्पोवाल्यांना त्याचा उपयोग आहे. सिलिकॉन ऊन छान सोसतं, पण घासलं गेलं की नैसर्गिक रबराइतकं टिकत नाही आणि आपल्याकडे धूळ अमाप.

चाचणी परवडण्यासारखी आहे. भंगारातून जुनी पुढची काच आणा, गच्चीवर उन्हात ठेवा. एकाच बॅचची काही ब्लेडं ओठ दुमडून, आर्मचा असतो तितक्याच दाबाने तिच्यावर बांधा, काही दाबाशिवाय ठेवा. उन्हाळा काढल्यावर दोन्ही प्रकारांतल्या एकेकाचा छेद घेऊन ओठाचा कोन मोजा, मग उरलेली ब्लेडं वायपरवर चढवून बघा. मात्र आर्म पिळलेला नाही ना, हे त्याआधी तपासा. वायपर मधोमध असताना ब्लेड काचेला काटकोनात हवं. आर्म थोडा जरी वाकडा असेल तर नवंकोरं रबरही एका दिशेने थडथडेल आणि तुम्ही त्याचा दोष उन्हाला द्याल.