फायटर दाणे थुंकतोय: जिवंत खाणं की फ्रोजन?

प्रश्न असा आहे: धुळ्यात आठवड्यापूर्वी आणलेला नर फायटर मासा (बेट्टा) दाणे तोंडात घेऊन थुंकतो. त्याला जिवंत ट्युबिफेक्स (गाळातले बारीक लाल किडे) द्यावं की फ्रोजन ब्लडवर्म (डासासारख्या एका माशीच्या गोठवलेल्या लाल अळ्या)?

भाऊ, आधी टाकीत थर्मामीटर टाका. फायटरला 25 ते 28 अंश लागतात. आपल्याकडे जानेवारीत पहाटे पारा 10 च्या खाली जातो आणि बिनहीटरच्या टाकीतलं पाणी 20 च्याही खाली उतरू शकतं. एवढ्या गारठ्यात पचन मंदावतं, मग समोर काहीही टाका, तो बघून तोंड फिरवेल. दुसरं, दाणा बघा. तो साधारण 1 मिलिमीटरचा हवा. गोल्डफिशचा जाड दाणा थुंकला तर त्यात त्याचा दोष नाही. नवीन मासा चार-पाच दिवस उपाशी राहिला तरी घाबरू नका.

हे दोन्ही ठीक असेल तर खाणं बदला. जिवंत ट्युबिफेक्स मात्र नकोच. ते सांडपाण्याच्या गाळात वाढतं आणि तिथली घाण सोबत घेऊन येतं. शिवाय आपल्या उन्हाळ्यात रोज पाणी बदललं नाही तर सडतं.

हट्टी माशासाठी माझी पहिली पसंती डासांच्या अळ्यांना. फायटरचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं, तो पृष्ठभागावर शिकार करतो, आणि अळी श्वास घ्यायला तिथेच येते. तिची वळवळ बघून दाण्याला न विचारणारा मासाही झडप घालतो. पण गटारातल्या अळ्या नकोत, अ‍ॅबेट (अळ्या मारायचं औषध) टाकलेल्या पिपातल्या नकोत आणि सुगंधी द्रव्य ओतलेल्या कूलरमधल्याही नकोत. सावलीत दोन लिटरचं पसरट भांडं ठेवा, त्यात चार वाळकी पानं टाका आणि एक दिवसाआड चहाच्या गाळणीने गाळून घ्या. गरमीत अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर पुरतो, म्हणून यात आळस चालत नाही. स्वल्पविरामासारखे वाकडे कोश दिसले की त्याच दिवशी सगळं गाळून भांडं रिकामं करा आणि कडा घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटतात आणि कोरडीही महिनोन्‌महिने टिकतात. घरात लहान मूल असेल किंवा गल्लीत डेंग्यू असेल तर हा उद्योग करूच नका, मोइना (पाण्यातला बारीक पिसवासारखा जीव) पाळा. त्याचा मोठा भाऊबंद डॅफ्निया आपल्या उन्हाळ्यात मरतो, मोइना बऱ्यापैकी तग धरतो. शेवाळाने हिरव्या झालेल्या पाण्याच्या बादलीत तो सहज वाढतो.

फ्रोजन ब्लडवर्म चांगलं, पण ते घेताना पाकीट नीट बघा. लाइट जाऊन फ्रीझर वितळला आणि पुन्हा गोठला असेल तर पाकिटातल्या गोठलेल्या चौकोनांच्या कडा पसरतात, एका बाजूला लाल बर्फ साचतो. असं पाकीट दुकानातच ठेवा. दुसऱ्या गावाहून आणत असाल तर थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालूनच आणा, मे महिन्यात तर नक्कीच. एक चौकोन एका फायटरला फार होतो. गोठलेला असतानाच सुरीने सहा-आठ तुकडे करा, एक तुकडा वाटीत टाकीच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, लाल पाणी गाळून टाका आणि चिमट्याने एकेक किडा द्या. चार-पाच पुरेत. उरलेलं परत गोठवू नका. ब्लडवर्मची काहींना अ‍ॅलर्जी असते, हाताला खाज सुटते, डोळे चुरचुरतात, म्हणून चिमटा. आणि मेलेला किडा हलत नाही, एवढंच त्याचं उणं. तेव्हा तो चिमट्यातच धरून माशासमोर हळूच हलवा.

खरी अडचण पुढे येते. रोज ब्लडवर्म मिळालं की मासा दाण्याला कायमचा रामराम करतो, आणि नुसत्या ब्लडवर्मवर पोषण अपुरं पडतं, बद्धकोष्ठही होतो. म्हणून तो खायला लागल्यावर एक दिवस उपास द्या. दुसऱ्या दिवशी ब्लडवर्मच्या गाळलेल्या लाल पाण्यात दोन दाणे पाच मिनिटं भिजवून आधी तेच द्या, ते गिळले तरच किडा. न खाल्लेला दाणा दहा मिनिटांत काढा. आठ-दहा दिवस नेटाने केलं तर बहुतेक फायटर वळतात. मग दाणे रोज, ब्लडवर्म आठवड्यातून दोनदा, मोइना मिळाला तर एकदा.

पोट फुगून खवले उभे राहिले असतील किंवा विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी येत असेल तर मात्र खाणं बदलून भागणार नाही. तो आजार आहे, त्याचे फोटो आणि पाण्याच्या अमोनियाची चाचणी टाका.